कुकडीकाठ साहेब

मंचर, ता. आंबेगाव
गुरुवार, २० सप्टेंबर २००७

प्रिय हर्षाली,

सप्रेम नमस्कार. तुम्ही तिघं तिकडे मजेत असाल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. घोडनदीला पाणी भरपूर आहे, कांद्याचं बी घ्यायला दुकानात गर्दी आहे, आणि चौकातल्या गणपतीने सकाळपासून कर्णा लावल्यामुळे माझे सासरे दोन्ही कानांत कापूस घालून बसलेत. गिऱ्हाइकाने एक मागितलं की दुसरंच काढून देतात. जिनेशची पाठ दुखते. वजन उचलू नकोस म्हटलं की तो मुद्दाम खताची गोणी उचलतो, तेव्हा त्यातही नवीन काही नाही.

एवढं लिहायला मला पाऊण तास लागला. ‘हर्षे’ लिहू की ‘हर्षाली’, इथपासूनच अडले. शेवटी पूर्ण नाव लिहिलं. वर्ष झालं, तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस, तेव्हा एकदम अर्ध्या नावावर येणं मलाच धिटाईचं वाटलं.

अक्षर लागलं नाही तर माफ कर. आपण जुन्नरला टायपिंगची तीसची परीक्षा दिली तेव्हापासून माझं अक्षर जे बिघडलं ते बिघडलंच. (‘माफ कर’ हे शब्द सवयीने आले. त्यांच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे, म्हणून खोडत नाही.)

दुकान एक ते चार बंद असतं, तुला माहीत आहे. जिनेश आणि सासरे जेवून आडवे होतात आणि ते तीन तास माझे. बाजारसमितीचे भाव बघायला म्हणून घेतलेला संगणक मागच्या खोलीत आहे, मी आजही त्याच्याच टेबलावर बसलेय, पण त्याच्यावर टॉवेल टाकून. तो समोर उघडा असला की चारशे माणसं वाचताहेत असं वाटतं आणि मी छान छान लिहायला लागते. आज तसलं काही नको.

आपली इंटरनेटवरची चर्चेची ओसरी चालू आहे. ‘ओसरी आता तू सांभाळ’ एवढा चार शब्दांचा निरोप ठेवून तू गेलीस, तेव्हापासून मी ती सांभाळतेय. सभासद चारशेच्या वर गेलेत. भांडणं तीच आहेत, माणसंही बरीचशी तीच. नाशिकचे चांगदेव सर अजून प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘असो’ लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच विषय काढतात. पण मी काही लिहिलं की ते पाठवण्याआधी डोक्यात तुझं उत्तर तयार होतं, अगदी तुझ्या आवाजात, ‘रीना, हा मुद्दा झाला की नुसता टोमणा?’ आणि मग ते पाठवावंसं वाटत नाही. तुझ्याशी वाद घालताना मला मी हुशार वाटायचे. आता चारशे माणसांत वाटत नाही.

तू पहिल्या दिवशी ‘मोकळी ओसरी’चे दोनच नियम लिहिले होतेस. कुणाचंही लिखाण काढून टाकलं जाणार नाही. आणि बोलायचं ते स्वतःच्या नावाने. मी तुला फोनवर म्हटलं, दुसरा नियम ओहायोत बसून करायला सोपा आहे. मंचरच्या शेतीऔषधांच्या दुकानाची सून रीना म्हणून राजकारणावर लिहायला लागली तर उद्या औषध घ्यायला कोण येईल आणि सासू काय म्हणेल. तू म्हणालीस, ‘तुझ्यापुरता मोडते.’ सगळ्या ओसरीवर टोपणनाव फक्त मला दिलंस. माहेरच्या नदीवरून मी कुकडीकाठ झाले, आणि ही कोण ते तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मला साहेब कुणी केलं ते आठवतं का? हक्कसोडीचा वाद. मुलींना जमिनीत बरोबरीचा वाटा देणारा कायदा नुकताच आला होता आणि तू लिहिलंस की बहिणींनी आता भावांसाठी हक्कसोडपत्रावर मुकाट सह्या करू नयेत. काय तुटून पडले तुझ्यावर. अमेरिकेत बसून इथली भाऊबीज मोडायला निघाली, नवऱ्याने डोक्यावर बसवून ठेवलीय, असल्या बायकांमुळेच घरं फुटतात. चार दिवसांनी मी तुझंच पत्र घेतलं, वाक्यं मागंपुढं केली, दोन ठिकाणी ‘वस्तुतः’ घातलं आणि कुकडीकाठ नावाने टाकलं. चांगदेव सरांनी लिहिलं, ‘कुकडीकाठ साहेबांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे.’ तू रविवारी फोन केलास तेव्हा आपण किती हसलो. तुला हसताना ठसका लागला आणि फोनच्या कार्डातली मिनिटं त्यातच संपली.

मी आणखी एक सांगितलं नव्हतं. त्याच महिन्यात मी जुन्नरला जाऊन अरिहंतसाठी हक्कसोडपत्रावर सही केली. पप्पांनी कागद पुढे केला, भावाने पेन दिलं, बाईने मला आवडतो म्हणून मुगाचा शिरा केला होता. (आमच्यात आईला बाई म्हणतात याची तुला किती गंमत वाटायची.) मी सही केली, शिरा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसून साहेबांचं पुढचं पत्र लिहिलं.

खरं सांगू, मला साहेब असणं आवडायला लागलं होतं. मी एखादी गोष्ट म्हटली की ती म्हटली जायची. कुणी माझ्या नवऱ्यापर्यंत जायचं नाही, दिसण्यावर यायचं नाही, ‘ताई, जरा शांत व्हा’ म्हणायचं नाही. तू तुझ्या नावाने शिव्या खात होतीस आणि मी नाव झाकून मान घेत होते. ते तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसत होतं, पण गोड लागत होतं.

मग गेल्या वर्षी जुलैत तू तो लेख लिहिलास, शिकलेल्या बायकांवर. त्यात होतं, ‘माझी गावाकडची एक अत्यंत हुशार मैत्रीण आज सासरच्या उंबऱ्याआड बियाण्यांच्या पिशव्या मोजते.’ नाव नव्हतं, पण मला कशाला नाव लागतंय. खाली किती जणांनी हळहळ व्यक्त केली. चांगदेव सरांनीही केली. कुकडीकाठ साहेबांनाही ‘आपलं मत?’ म्हणून विचारलं. हर्षाली, मी त्या दिवशी जेवले नाही. तू मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, लिही, पण पिशव्यांचं लिहितेस तर दुकानातलं अर्धं गिऱ्हाईक औषधाचं प्रमाण मला विचारून जातं, हेही लिही. तू विचारलं नाहीस. मीही तुला तसं म्हटलं नाही. राग धरून बसले.

आणि तीन आठवड्यांनी तुझं लेकाबद्दलचं पत्र ओसरीवर आलं. उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दिवशी तू बेसनाचे लाडू करून नेलेस आणि तिथल्या एका बाईने ते बाकीच्या खाऊतून उचलून वेगळ्या टेबलावर नेऊन ठेवले. खेळताना एक पोरगा तुझ्या लेकाचा हात धरेना, म्हणाला, रंग लागेल. घरी येऊन तो साबणाने हात घासत बसला होता, हे वाचून मी रडले, त्याची शपथ घेऊन सांगते. पण शेवटी तू लिहिलं होतंस, ‘आमच्या डिंगोऱ्यात गरिबी होती, पण असं कुणी कुणाला वेगळं काढत नव्हतं.’ तिथे माझं रडणं थांबलं.

बुधवार होता, सोळा ऑगस्ट, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. मी लिहिलं, ‘हर्षालीताईंच्या डिंगोऱ्यातल्या घरी शेतावर येणाऱ्या बयाबाईंना चहा गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेल्या कान तुटक्या कपात मिळत असे. त्या तो स्वतः विसळून पालथा ठेवत. बयाबाई कोणत्या वस्तीतल्या, हे ताईंनीच सांगावं. लाडवांचं टेबल अमेरिकेने शोधलेलं नाही.’

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. दोनदा वाचलं आणि पाठवलं.

तुझं उत्तर दीड ओळीचं आलं. ‘कुकडीकाठ यांनी लिहिलंय ते खरं आहे. बयाबाईंचा कप आमच्याच गोठ्यात होता.’ त्यावर टाळ्या सुरू झाल्या. साहेबांनी दाखवून दिलं, साहेबांनी बुरखा फाडला. हक्कसोडीवरून तुला शिव्या देणारे सगळे एकजात समतेच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांना मी उभं केलं होतं. चांगदेव सरांनी ‘असो’सुद्धा लिहिलं नाही.

चार वाजले. जिनेश शटर उघडतोय. उद्या लिहिते.

शुक्रवार, दुपार

काल जिथे थांबले त्याच्यापुढे मला आमच्या पत्रिकेचं लिहायचंय.

पर्युषण संपतं त्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आम्हा जैनांत सगळ्यांची क्षमा मागायची असते. त्या छापील पत्रिका तुला माहीत आहेत, एस.टी. यायला वेळ असला की जुन्नरच्या आमच्या ओट्यावर बसून तू त्यांच्यावर तिकिटं चिकटवायचीस. ‘वर्षभरात मन, वचन, कायेने, कळत नकळत आपलं मन दुखावलं असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा’ आणि खाली पप्पांच्या नावाने रमणलाल व समस्त परिवार. एकदा तू एका पाकिटावरचं नाव वाचून विचारलंस, ही बाई कोण? मी म्हटलं, मुंबईच्या आत्याच्या नणंदेची कुणीतरी. तू म्हणालीस, ‘मग हिचं काय दुखावलंस तू?’ आमची बाई आतून हसली होती.

तर गेल्या वर्षी संवत्सरी त्या बुधवारनंतर बाराव्या दिवशी आली. मी उपास केला, स्थानकात बसून प्रतिक्रमण केलं आणि सगळा वेळ तुझंच तोंड डोळ्यांपुढे होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोच मजकूर टाइप केला आणि ओसरीवर टाकला. सगळ्या तीनशे जणांना. खाली नाव, कुकडीकाठ. मला खरंच वाटलं होतं की त्यात माझं तुझ्याकडचं मागणं आलं. आम्ही लहानपणापासून असंच मागत आलोय, एकाच पत्रिकेत सगळे. ज्याचं दुखावलं तोही आला आणि जिचं काहीच दुखावलं नाही ती आत्याच्या नणंदेची कुणीतरीही आली. तू दुसऱ्या दिवशी तो चार शब्दांचा निरोप ठेवलास आणि गेलीस. मला तुझा राग आला होता. क्षमा मागूनही ही जाते, हिला हवंय तरी काय, असं मी जिनेशला म्हटलं. त्याला कुकडीकाठ माहीत नव्हतं, त्याला वाटलं मी सिद्धीबद्दल, त्याच्या बहिणीबद्दल बोलतेय. त्याने मान डोलावली.

वर्षभर मी अशीच होते. मनाला सांगत होते की मी लिहिलं ते खोटं नव्हतं. आणि ते नव्हतंच. म्हणून तर वर्ष गेलं.

आता तुझ्या आईचं, ठकूकाकूंचं. त्या मला भेटल्याचं तुला बोलल्यात की नाही मला माहीत नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी डिंगोऱ्याच्या पाच-सहा बाया भीमाशंकर करून परत चालल्या होत्या. मंचरला गाडी बदलायची होती. बाकीच्या स्टँडवर थांबल्या आणि काकू दुकान शोधत आल्या. ‘रीना, हायेस का गं घरात? पाय लई दुखत्यात बग.’ मी त्यांना आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पेला फिरवून बघितला. माझ्या लग्नातला पेला, त्याच्यावर माझं नाव घातलेलं आहे. त्या हसल्या.

‘ह्याच्याव नाव हाये की गं.’

‘म्हणजे?’

‘काय न्हाई. हर्षीची आठवन आली. ल्हान व्हती तवा मला एकदा इचारत व्हती, आई, रीनाच्या घरी समद्या पेल्यांवर नावं हायेत, मला देत्यात त्याच्यावरच का न्हाई? मी म्हनलं, आगं, आपन मटन खातो, त्यांना चालत न्हाई, म्हनून येगळा ठिवला आसंल. वाईट वाटून घिऊ नगं, पोरगी गुनाची हाये.’

‘कितवीत होती तेव्हा?’

‘आठवी आसंल. आपल्याकडं भरतचा पाय मोडला व्हता त्या साली. पुन्हा कदी बोलली न्हाई बाई त्याच्याव.’

त्या सहज बोलल्या. मग म्हणाल्या, ‘तुमचं काय बिनसलंय गं दोघींचं? फोनवर तुजं नाव काढलं की ती पोराच्या आब्यासाचं सांगाया लागती.’ मी म्हटलं, काही नाही काकू, वेळ जमत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तुझ्या भावाच्या, भरतच्या लग्नाचं बोलायला लागल्या. नऊ डिसेंबर, दारातच मांडव, तू येणार आहेस. ‘तू यायचंस बर का. तिला इचारत बसू नगं.’ निघताना बयाबाईंचं सांगितलं. त्यांची शीला आता ओतूरला नर्स आहे आणि तिने आईचं कुणाच्याही शेतावर जाणं बंद केलंय. ‘बयी लई तगडी झालीय आता,’ म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी तो पेला हातात घेऊन किती वेळ बसले होते ते जिनेशला विचार.

आठवी, हर्षाली. म्हणजे आपण एका बाकावर बसायला लागलो त्याच वर्षी तुला कळलं. आणि त्यानंतर बी.ए. होईपर्यंत सात वर्षं तू आमच्या ओट्यावर बसून त्याच पेल्यातून पाणी प्यालीस, चहा प्यालीस, आणि रिकामा पेला माझ्या हातात देताना रोज हसलीस.

आता मी ते लिहिते जे कालपासून टाळतेय. मला माहीत होतं. तो पेला वेगळा ठेवायचा हे काम माझंच होतं. तू एस.टी. पकडायला गेलीस की मी तो राखेने घासायचे आणि माठामागच्या फळीवर, बाकीच्या भांड्यांना लागणार नाही असा पालथा ठेवायचे. कुणी मला ओरडून सांगितलं नव्हतं. आधी आजीने दाखवलं, मग मी करत गेले. मी तुमच्या घरी यायचे तेव्हा भुईमुगाच्या शेंगा आणि पेरू खायचे, कारण ते सालीतलं. काकू भाकरी वाढायच्या, मी म्हणायचे, पोट भरलंय. पोट कधीच भरलेलं नसायचं. तुमच्या घरचा भाकरीचा वास मला अजून आठवतो.

बयाबाईंचा कप मला इतका नेमका कसा आठवला, कान कुठला तुटला होता तोसुद्धा, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. त्या कोनाड्याकडे बघताना दर वेळी मला आमची फळी आठवायची, म्हणून तो लक्षात राहिला. तेव्हा तर मी मनाला म्हणायचे, आमच्याकडे निदान मी स्वतः धुते. हे लिहिताना माझे कान तापलेत.

पर्युषणात जुन्नरला गेले तेव्हा बाईला विचारलं, तो बिननावाचा पेला कुठंय? ती म्हणाली, ‘कुठला पेला?’ मी म्हटलं, हर्षालीचा. तिला आठवेना. मग म्हणाली, मोडीत गेला असेल, मोठी कढई घेतली तेव्हा. आणि लगेच, ‘कशी आहे गं ती? किती गोड पोरगी होती, मला धापूमावशी म्हणायची.’ तिच्या मनात काहीच नव्हतं. मला तिच्यावर चिडायचं होतं, जमलं नाही.

त्या बुधवारी तुझ्या हातात काय काय होतं, याचा मी गेला महिनाभर विचार करतेय. तुला दोन वाक्यं पुरली असती. एक, हे साहेब बाई आहेत. दोन, या बाईच्या घरी मला सात वर्षं वेगळा पेला होता. तीनशे माणसांसमोर मी पुन्हा तोंड काढलं नसतं, आणि मंचरमध्येही मला तोंड दाखवणं जड गेलं असतं. कुणीही लिहिलं असतं, मीही लिहिलं असतं. तू मात्र ‘खरं आहे’ म्हणालीस, स्वतःची ओसरी माझ्या हवाली केलीस आणि निघून गेलीस. तुझा नियम तू माझ्यासाठी मोडलास आणि मी त्याच आडोशातून तुला मारलं. यात कळत नकळत काही नव्हतं. सगळं कळत होतं.

म्हणून छापील नको. सोळा ऑगस्टच्या त्या बुधवारी, तुझा लेक हात घासत बसला होता तेव्हा, तू मला उंबऱ्याआडची म्हटलंस याचा सूड म्हणून, नाव झाकून मी ते लिहिलं. आणि सात वर्षं तो पेला मी माझ्या हाताने वेगळा ठेवला. या दोन गोष्टींची क्षमा मी तुझ्याकडे, तुझ्या एकटीकडे मागते.

आता थोडी बातमी. या सोमवारी, संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, मी ओसरीवर लिहिलं: ‘कुकडीकाठ या नावाने लिहिणारी मी रीना, राहणार मंचर. मी बाई आहे. माझ्यापुरता नियम मोडणाऱ्या मैत्रिणीवर मी याच नावाआडून वार केला. यापुढे स्वतःच्या नावाने लिहीन. हक्कसोडीवरचं माझं पहिलं पत्र मुळात हर्षालीचं होतं, ज्यांना ते पटलं होतं त्यांनी तिला तसं कळवावं.’

मग चांगदेव सरांचं आलं, ‘आता उलगडा झाला. बाईंच्या लिखाणात पहिल्यापासूनच जरा भावनेचा भर होता. असो.’ दुसऱ्या एकाने मला शांत व्हायला सांगितलंय. मी एकटीच हसले, हर्षाली, खूप हसले, आणि फोन करायला कुणी नव्हतं.

घरीही कळलं. जिनेशने सगळं बसून वाचलं आणि म्हणाला, ‘नाव लावलंस ते चांगलं केलंस, पण मंचर लिहायची काय गरज होती?’ काल कानातला कापूस काढून सासऱ्यांनी विचारलं, ‘ते हक्कसोडीचंही तूच लिहिलं होतंस?’ मी हो म्हटलं. ‘सिद्धीला सांगू नकोस,’ म्हणाले आणि कापूस परत घातला. अजून पुष्कळ व्हायचंय. सासूबाई मावशींकडे गेल्यात, रविवारी येतील.

पेल्याचं मी ओसरीवर लिहिलेलं नाही. भीती वाटली म्हणूनही असेल, पण सगळं भीतीच नव्हती. ते तुझं आहे. बयाबाईंचा कप मी त्यांना न विचारता चार लोकांत नेऊन ठेवला, तू माझा उंबरा मला न विचारता नेलास. बयाबाईंना तर आपण दोघींनीही कधी विचारलं नाही. म्हणून या वेळी विचारते. तुला वाटलं तर हे पत्र जसंच्या तसं ओसरीवर टाक. मी ते काढणार नाही, तो तुझा पहिला नियम आहे.

आणि उंबऱ्याचा राग अजून माझ्या मनात आहे, हेही तुला कळू दे. क्षमा मागितली म्हणून तो गेलेला नाही. तो मला तुझ्यापुढे बसून काढायचाय, तू मध्ये बोलतेस तशी मध्ये बोलत असताना, ‘हा मुद्दा झाला की टोमणा’ म्हणत असताना. लोक म्हणतात वाद नको. मला वर्षभर कशाची भूक असेल तर तुझ्याशी भांडायची. इथे सगळे माझ्याशी सांभाळून बोलतात गं.

काकूंनी सांगितलं तसं मी तुला विचारत बसत नाही. नऊ डिसेंबरला सकाळच्या पहिल्या गाडीने मी डिंगोऱ्यात येतेय. जिनेश येईल की नाही माहीत नाही, मी येतेय. भरतला हळद लावीन, काकूंच्या हाताखाली कामाला लागेन, पंगतीत बसून तुमच्या घरचं वाढतील ते जेवीन. तुला मांडवात सगळ्यांदेखत मला काही बोलायचं असेल तर बोल, तुझा हक्क आहे. काही न बोलता माझ्या समोरून निघून गेलीस, तर मी तुझ्या मागे येणार नाही, पण शेवटची पंगत उठेपर्यंत थांबेन.

तुझ्या लेकाला माझा आशीर्वाद. त्याला सांग, गावाकडे एक रीनामावशी आहे, ती त्याचा हात धरायला येतेय.

तुझी,
रीना